वेळेवर नाहीशी होणारी त्वचा

भाजल्याची जखम बरी झाली, पण हात कोपरात आखडला तो कायमचाच, अशी एखादी व्यक्ती आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेली असते. उघडी जखम लवकरात लवकर बंद करायची, एवढेच शरीराला ठाऊक. त्यासाठी जखमेतील पेशी तिच्या कडा एकमेकींकडे ओढतात आणि उरलेली जागा व्रणाच्या दाट तंतूंनी भरून काढतात.

त्वचेचा वरचा पातळ थर, म्हणजे बाह्यत्वचा, पुन्हा वाढतो. खरचटल्यावर आपण ते पाहतोच. खालची जाड अंतस्त्वचा मात्र एकदा पुरती नष्ट झाली की पुन्हा येत नाही. मग रुग्णाच्याच मांडीची त्वचा काढून लावतात. पण अर्ध्याहून अधिक अंग भाजले असेल तर ती आणायची कोठून?

बोस्टनचे शल्यचिकित्सक जॉन बर्क आणि एमआयटीमधील संशोधक आयोआनिस यानस यांनी यावर एक स्पंज तयार केला. जनावरांच्या कातड्यातील कोलॅजेन हे प्रथिन आणि शार्कच्या कूर्चेतील एक शर्करायुक्त रेणू यांचा तो बनलेला होता. वरून सिलिकोनचा पातळ पापुद्रा. तो शरीरातील पाणी आत आणि जंतू बाहेर ठेवतो. १९८१ साली त्यांनी दहा रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला. या रुग्णांचे ५० ते ९५ टक्के अंग भाजलेले होते.

याला 'कृत्रिम त्वचा' म्हणतात, पण आम्हाला हे नाव फसवे वाटते. हा स्पंज त्वचेची जागा घेत नाही. नवी अंतस्त्वचा घडेपर्यंत उभी राहणारी ती परांची आहे आणि काम होताच तिने नाहीसे व्हायचे असते. फार लवकर विरघळली तर जखम पुन्हा आखडते, फार काळ टिकली तर ती नव्या ऊतीच्या वाटेत येते.

हा वेळ साधायचा कसा? कच्चे कातडे काही दिवसांत कुजते, कमावलेले वर्षानुवर्षे टिकते, कारण कमावताना कोलॅजेनच्या रेणूंमध्ये बंध तयार होतात. इथेही तेच करायचे, पण बेताने. बंध जितके अधिक, तितकी शरीरातील विकरे स्पंज हळू पचवतात.

दुसरी गोष्ट छिद्रांची. ती साधारण २० ते १२५ मायक्रोमीटर असावी लागतात. त्याहून लहान असली तर पेशी आत शिरत नाहीत. मोठी असली तर पेशींना धरायला पृष्ठभाग अपुरा पडतो आणि आखडणे थांबत नाही. कोलॅजेनचे मिश्रण गोठवून त्यातील बर्फाचे निर्वातात संप्लवन केले की बर्फाच्या स्फटिकांच्या जागी छिद्रे उरतात. कुल्फी सावकाश गोठली की दाताखाली खडे लागतात, तसेच इथेही सावकाश गोठवल्यास स्फटिक मोठे होतात. आमच्या प्रयोगशाळेत एका रात्री वीज गेली, मिश्रण अर्धवट वितळून पुन्हा गोठले आणि सकाळी हाती आलेल्या स्पंजाची भोके नुसत्या डोळ्यांनी मोजता येत होती!

दोन-तीन आठवड्यांनी सिलिकोन सोलून काढतात आणि नव्या अंतस्त्वचेवर रुग्णाच्याच बाह्यत्वचेचा अगदी पातळ थर लावतात. तो इतका पातळ असतो की जिथून काढला ती जागा लवकर भरून येते.

अमेरिकेत या स्पंजाला १९९६ मध्ये मान्यता मिळाली. नव्या त्वचेत केसांची मुळे आणि घर्मग्रंथी मात्र तयार होत नाहीत. त्यामुळे बरेच अंग असे झाकलेल्या रुग्णाला उन्हाळ्यात शरीर थंड राखणे जड जाते.