‘काम’ की ‘मदत’? प्रश्नावली बनवण्याआधी थोडं थांबा

समजा, तुमचा विषय आहे घरगुती उद्योगातली मुलं, आणि तुम्ही नाशिक जिल्ह्यात येवल्याला पैठणी विणणाऱ्यांच्या घरी गेलात. हातमाग घरातच. “मुलं काम करतात का?” असं विचारलंत, तर उत्तर बहुधा येईल, “छे, ती शाळेत जातात.” हे खोटं नाही. कांड्या भरून देणं याला घरात कुणी काम म्हणतच नाही.

कायदाही हाच फरक करतो. २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवता येत नाही. पण घरच्या, धोकादायक नसलेल्या उद्योगात शाळेनंतर किंवा सुट्टीत ती मदत करू शकतात. म्हणजे खरा प्रश्न वेळेचा आहे.

म्हणून ‘काम’ हा शब्दच टाळा. “काल शाळेतून आल्यावर काय काय केलंस?” असं विचारा. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात ६ वर्षांपासून पुढच्यांचे २४ तास अर्ध्या-अर्ध्या तासाने नोंदवले गेले, तसंच. मात्र एका दिवसावर जाऊ नका. लग्नसराईतला दिवस आणि परीक्षेतला दिवस वेगळा असतो.

मजुरीही बघा. ती साडीमागे ठरली असेल, तर मुलाचे दोन तास त्याच रकमेत मुरतात आणि आईची कमाई तासाला जास्त दिसते.

शेवटचं: पालकांनी होकार दिला तरी मुलालाही विचारा. त्याला ‘नाही’ म्हणता आलं पाहिजे.