पाणी मुरू द्यावं

शोभेच्या कोळंबीची टाकी तयार झाली हे कशावरून ठरवायचं? रूढ उत्तर असं की चाचणीत अमोनिया आणि नायट्राइट शून्य आले की कोळंबी सोडायला हरकत नाही. मोठी कोळंबी जगवण्यापुरतं हे उत्तर बरोबर आहे, पैदाशीसाठी मात्र ते अपुरं पडतं. मादीच्या पोटाखाली अंडी दिसतात, महिनाभरात ती नाहीशी होतात आणि पिल्लू एकही दिसत नाही, ही नव्या हौशी लोकांची नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा तिचं मूळ या अपुरेपणात असतं. टाकी पिकल्याची खरी खूण तिच्या काचेवर, दगडांवर, लाकडावर आणि वनस्पतींच्या पानांवर बसलेल्या जिवंत थरात पाहावी लागते. तो थर नीट बसायला दोन-अडीच महिने लागतात आणि त्याला जवळचा रस्ता नाही, असं माझं ठाम मत आहे.

आधी रसायनाचा भाग पाहू. विष्ठा, उरलेलं खाद्य आणि कुजणारी पानं यांतून अमोनिया सुटतो. सूक्ष्मजीवांचा एक गट त्याचं नायट्राइट करतो आणि दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट करतो. पहिली दोन द्रव्यं कोळंबीला अगदी थोड्या प्रमाणातही घातक असतात. नायट्रेट मात्र लिटरला वीसेक मिलिग्रॅमपर्यंत चेरी कोळंबीला चालतं. रिकाम्या टाकीत अमोनियाचा थोडा थोडा पुरवठा करत हे जीव वाढवायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. या काळात सामूवर लक्ष हवं. २५ अंश सेल्सिअसला सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याच्या आसपास भाग विषारी स्वरूपात असतो. सामू ८ झाला की तोच भाग पाच टक्क्यांच्या वर जातो. चाचणीत तोच आकडा दिसत असताना धोका जवळजवळ दहापट वाढलेला असतो. शिवाय नायट्रीकरणात पाण्याची क्षारधारकता खर्च होते. त्यामुळे अतिशय मृदू पाण्यात सामू घसरतो आणि सगळी प्रक्रिया मध्येच रेंगाळते.

दुसरा भाग अन्नाचा. इथेच बहुतेकांची घाई होते. चेरी कोळंबी, म्हणजे चीन-तैवानकडची निओकॅरिडिना डेव्हिडी, एका खेपेला साधारण वीस-तीस अंडी धरते आणि तीन-चार आठवड्यांनी त्यांतून थेट पूर्ण घडलेली इवली कोळंबी बाहेर पडते. पाण्यात तरंगणारी अळीची अवस्था तिला नसते. पिल्लू जेमतेम दोन मिलिमीटरचं असतं आणि पहिले काही दिवस ते जन्मल्या जागेपासून फारसं हलत नाही. टाकीच्या दुसऱ्या कोपऱ्यात पडलेल्या खाद्याच्या गोळीचा त्याला काही उपयोग नाही. पायाखालच्या पानावर जे आहे तेच त्याचं जेवण. या कुळातल्या कोळंब्यांचे चिमटे जवळून पाहिले तर टोकाला केसांचे झुबके दिसतात. पृष्ठभाग खरवडून खाण्यासाठीच ही रचना आहे. जिवाणू, सूक्ष्म शेवाळ, डायटम आणि त्यांच्यावर जगणारे एकपेशीय जीव चिकट द्रव्यात गुंफून जो थर होतो, तोच या प्राण्याचा चराऊ प्रदेश. चाचणीच्या नळीत तो दिसत नाही. म्हणून अमोनिया शून्य असलेल्या पण चकचकीत टाकीत पिल्लं उपाशी मरतात. ती इतकी लहान असतात की त्यांचं मरणही कोणाला दिसत नाही.

टाकीची मांडणी या एका गरजेतून ठरवावी. चाळीस लिटरच्या आसपासची टाकी घ्यावी, कारण लहान भांड्यात तापमान आणि क्षार झटकन बदलतात. गाळणी स्पंजची असावी. ती पिल्लांना ओढून घेत नाही आणि तिचा पृष्ठभागही चरायला मिळतो. जावा मॉस भरपूर लावावं, कारण त्याच्या बारीक फांद्यांनी थराला जागा कितीतरी पटींनी वाढते. कोकणात आणि मुंबईच्या रस्त्यांवर सहज मिळणाऱ्या देशी बदामाची आपोआप गळलेली, वाळलेली, फवारणी न झालेली पानं धुवून टाकावीत. ती सावकाश कुजतात आणि कुजतानाच त्यांच्यावर सूक्ष्मजीवांची वाढ होते. पहिल्या काही आठवड्यांत काचेवर तपकिरी डायटम येतात. ती घाण समजून घासून काढायचा मोह टाळावा. पुढची काच बघण्यापुरती पुसावी, मागची आणि बाजूच्या काचा तशाच राहू द्याव्यात.

यावर पहिला आक्षेप बाटलीबंद जिवाणूंचा. बाजारात ते मिळतात, मग थांबायचं कशाला? गोड्या पाण्याच्या टाक्यांत नायट्राइट संपवणारे मुख्य जीव नायट्रोबॅक्टर नसून नायट्रोस्पायरासारखे असतात, हे १९९८ मध्ये दाखवलं गेलं. २०११ मध्ये एका अभ्यासात अनेक गाळण्यांमध्ये अमोनियाचं काम आर्किया नावाचे सूक्ष्मजीव करत असल्याचं आढळलं आणि २०१५ मध्ये दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारे नायट्रोस्पायराही सापडले. यावरून समजतं की प्रत्येक टाकी आपापला समाज घडवते. बाटलीत योग्य जीव जिवंत असतील तर पहिला टप्पा लवकर सरतो. जुन्या, निरोगी टाकीतला स्पंज आणून ठेवला तर आणखी लवकर, विरजण लावल्यासारखा. दोन्ही उपाय जरूर करावेत. पण त्यांनी गाळणी तयार होते, चराऊ थर त्यानंतरच्या आठवड्यांत प्रकाश आणि वेळ मिळाल्यावर जाड होतो.

दुसरा आक्षेप पिल्लांच्या भुकटी खाद्याचा. भुकटी सगळीकडे पसरते हे खरं आणि पिकलेल्या टाकीत तिची चिमूट उपयोगी पडतेच. मात्र कोवळ्या टाकीत ती थराची जागा घेऊ शकत नाही. पिल्लांनी न खाल्लेली भुकटी कुजून अमोनिया वाढवते, प्लॅनेरिया आणि हायड्रा माजतात आणि हायड्रा नवजात पिल्लंही पकडतो. तिसरा आक्षेप अनुभवाचा: चौथ्या दिवशी कोळंबी सोडली आणि ती जगली. चेरी काटक आहे, तिचं जगणं शक्य आहे. परंतु आपण पैदाशीबद्दल बोलत आहोत आणि तिथे मोजायची ती मोठी झालेली पिल्लं. क्रिस्टल रेड या दुसऱ्या शोभेच्या कोळंबीला तर ही सवलतही नाही. १९९० च्या दशकात जपानमध्ये हिसायासू सुझुकी यांनी काळ्या-पांढऱ्या बी कोळंबीतल्या लाल पिल्लांपासून निवड करत हा वाण घडवला. त्याचा वंश अरुंद आहे आणि त्याला आम्ल, मृदू, थंडसर पाणी लागतं. अमानो कोळंबीची गोष्ट वेगळीच. तिच्या अळ्यांना मचूळ-खारं पाणी लागतं, त्यामुळे गोड्या पाण्याची टाकी कितीही पिकली तरी तिथे तिची पैदास होत नाही.

पाणी कुठलं, यावर महाराष्ट्रात बरंच अवलंबून आहे. मुंबईचं तलावांतून येणारं पाणी मृदू असतं, पण त्यातलं क्लोरीन काढावं लागतं. दख्खनच्या पठारावरचं बोअरचं पाणी अनेकदा फार जड असतं. तिथे आरओचं पाणी घेऊन त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार मोजून मिसळावेत. चेरीसाठी एकूण काठिण्य ६ ते ८ अंश आणि टीडीएस १५० ते २५० ठीक. नुसतं आरओचं पाणी वापरलं तर कात टाकताना नवं कवच बनवायला कॅल्शियम मिळत नाही आणि कोळंबी कातेतच अडकून मरते. एकदम जास्त पाणी बदलल्यानेही असंच होतं. आठवड्याला दहा टक्के पुरे. तांब्याच्या हंड्यातलं पाणी कधीही वापरू नये. कोळंबीच्या रक्तात तांबं असलं तरी पाण्यात विरघळलेलं तांबं तिला मारतं. माशांच्या बऱ्याच औषधांतही ते असतं.

उन्हाळा ही आपल्याकडची सर्वांत कठीण परीक्षा. २० अंशाच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशाला साडेसात. उष्म्यात माद्या अंडी टाकून देतात. पाण्यावर पंखा लावला तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. विदर्भाच्या कोरड्या हवेत हा उपाय चांगला चालतो, कोकणच्या दमटपणात कमी. उडालेल्या पाण्याची भरपाई आरओच्या पाण्यानेच करावी, नाहीतर क्षार साचत जातात.

म्हणून टाकी मांडायला दिवाळीचा काळ उत्तम आहे. तेव्हा पाणी भरा, डिसेंबरअखेरपर्यंत तिला तिचं काम करू द्या. नाशिक-नागपूरकडे थंडीने सूक्ष्मजीव मंदावतात, तिथे हीटर लावा किंवा आणखी थोडं थांबा. संक्रांतीनंतर दहा-पंधरा चेरी कोळंब्या सोडा. टाकी पिकलेली असेल तर मार्चमध्ये मॉसवर पिल्लं चरताना दिसतील आणि ऊन तापण्याआधी त्यांना वाढायला काही आठवडे मिळतील. संख्या वाढली की ती हौशी मित्रांना द्या. ओढ्यात, तळ्यात किंवा विहिरीत मात्र एकही सोडू नका. ही जात जर्मनी-पोलंडच्या पाण्यातही रुजली आहे आणि आपल्या नद्यांमध्ये आपल्या स्वतःच्या कोळंब्या आहेत.