चक्रवाक : एका कविसंकेताची अर्थांतरे

मराठी म्हणी-वाक्प्रचारांत ‘बदक’ क्वचितच आढळते. तो शब्दही फारसीच्या वाटेने आलेला आहे. तथापि बदकाच्याच कुळातील एका पक्ष्याने भारतीय काव्यभाषेत मोठे स्थान मिळविले आहे. तो पक्षी म्हणजे चक्रवाक होय. ‘एक पक्षी’ एवढीच टीप देऊन त्याची बोळवण केली, तर त्याच्यावर आधारलेली उपमा निरर्थक ठरते. म्हणून या संकेताची घडण पाहणे अगत्याचे आहे.

चक्रवाक म्हणजे पक्षिनिरीक्षकांचे ‘ब्राह्मणी बदक’. नारिंगी-तांबूस रंगाचा हा पक्षी हिवाळ्यात उजनी, जायकवाडी यांसारख्या जलाशयांवर उतरतो. तो बहुधा जोडीने राहतो, त्याची साद दूरवर ऐकू जाते आणि तो रात्रीही चरतो. काठाकाठाने चरणाऱ्या जोडीची अंधारातील ही साद विरहाच्या कल्पनेस कारण झाली असावी.

मात्र आरंभी हा पक्षी विरहाचा नव्हे, मीलनाचा द्योतक होता. अथर्ववेदाच्या चौदाव्या कांडातील विवाहसूक्तात वधूवरांना चक्रवाकांच्या जोडीप्रमाणे एकत्र आणण्याची प्रार्थना इंद्राला केलेली आहे. अभिजात संस्कृत काव्यात मात्र रात्री ही जोडी नदीच्या दोन तीरांवर विलग होते, हा संकेत रूढ झाला. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त त्याची गणना कविसमयांत केली आहे, म्हणजे वस्तुस्थिती तशी नसतानाही कविपरंपरेने तो मान्य केला. ‘शाकुंतला’च्या तिसऱ्या अंकात तर हा संकेत सांकेतिक भाषाच बनतो. रात्र आली, सहचराचा निरोप घे, असे चक्रवाकीला उद्देशून म्हटले जाते आणि गौतमी येत असल्याची सूचना शकुंतलेला मिळते. संकेत सर्वपरिचित असल्यामुळेच ही योजना साधते.

मराठीत या संकेताला सर्वस्वी नवे वळण मिळाले ते ‘ज्ञानेश्वरी’त (शके 1212, इ. स. 1290). सोळाव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रीगुरूंना सूर्यरूपाने वंदन करतात. त्या रूपकात बुद्धी आणि बोध ही चक्रवाकांची जोडी आहे. भेदरूपी नदीच्या दोन थड्यांवर ती विरहाने आक्रंदत आहे आणि गुरुरूपी सूर्य उगवताच तिला सामरस्याचे समाधान लाभते.

येथे तीन बदल लक्षात घेण्याजोगे आहेत. पहिला, विरहाचे कारण बाह्य रात्र न राहता भेददृष्टी ठरते. दुसरा, संस्कृत काव्याने प्रामुख्याने सूर्यास्ताकडे पाहिले, तर ज्ञानदेव सूर्योदयाकडे पाहतात. तिसरा, शृंगाराचे उपमान ज्ञानप्रक्रियेला लाभल्यामुळे, जाणणारी बुद्धी आणि तिला होणारा बोध यांतील अंतर केवळ तार्किक न राहता व्याकुळतेचे होते. वैदिक प्रार्थनेतील मीलनही अशा रीतीने निराळ्या पातळीवर परत येते.

सारांश, कविसंकेत म्हणजे निर्जीव अलंकार नव्हे. संकेत जितका रूढ, तितके त्यातील अल्प परिवर्तन अधिक बोलके असते. प्राचीन मराठी काव्य शिकविताना संकेताचा पूर्वेतिहास वगळला, तर कवीने त्यात घातलेली नवी भर विद्यार्थ्याला दिसणार नाही. चक्रवाक ओळखल्याखेरीज ज्ञानदेवांच्या त्या रूपकातील आर्तता उमगत नाही.