आजी, हंडा खाली आहे!

वाचकहो, पोरांनी टीव्हीवर काय बघावे यावरून ज्या घरात कुरबूर होत नाही, असे घर आपल्या जालना जिल्ह्यात सापडणे म्हणजे ऐन मे महिन्यात वाहता ओढा सापडण्यासारखेच. आजोबांना हवामान आणि बाजारभाव हवेत, सूनबाईंना मालिका, बालगोपाळांना कार्टून. आणि रिमोट? तो बहुधा घरातल्या सर्वांत लहान माणसाच्या हाती.

पूर्वी निवडीचा प्रश्नच नव्हता. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले, पण आपल्या खेड्यापाड्यांत संच पोचायला पुढे बरीच वर्षे गेली. 25 जानेवारी 1987 पासून दर रविवारी सकाळी 'रामायण' लागू लागले, तेव्हा कित्येक गावांत एखाद-दुसराच संच. वीज गेली की ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायची. थोरली मंडळी चपला बाहेर काढून, हात जोडून बसत. पोरांच्या वाट्याला मात्र माळवदावर चढून अँटेना फिरवण्याचे काम.

"दिसू राहिलं का?"

"मुंग्याच दिसू राहिल्या!"

"आता?"

"आलं, आलं! तसाच धरून ऱ्हाय!"

तो धरणारा बिचारा! लंकादहन त्याने नुसते ऐकले. तुमच्यापैकी कोणी ते काम केले असेल तर आजही मान आठवणीने दुखेल.

मग 1997 साली 'शक्तिमान' आला आणि अंगणातली पोरे एक हात वर करून गरागरा फिरू लागली. हसण्यासारखेच ते, पण त्याची नक्कल करताना मुलांना इजा झाल्याच्या बातम्याही तेव्हा आल्या, आणि शक्तिमान झालेले मुकेश खन्ना मुलांना पडद्यावरून समजावून सांगू लागले. आपल्या शेतात तर कठडा नसलेली विहीर, कडब्याची उंच गंजी आणि मोटारीची उघडी वायर, सगळे हाताशीच. कार्टूनमधला गडी डोंगरावरून पडतो आणि कपडे झटकून उठतो. "त्याला लागत कसं नाही रे?" असे एका आजोबांनी नातवाला विचारले. नातू म्हणाला, "आबा, त्याला हाडंच नसतात. मला हायेत." एवढे पोराच्या तोंडून आले की निम्मे काम झाले. म्हणून जरा शेजारी बसा आणि विचारा. संच नुसता बंद केला तर पोर मोबाइल घेऊन कोपऱ्यात जाते, आणि तिथे काय चालले आहे ते मुळीच कळत नाही.

'छोटा भीम' 2008 पासूनचा. लाडू खाल्ला की भीमाला बळ येते. एका घरी पोळ्याच्या आदल्या दिवशी डब्यातले लाडू कमी होऊ लागले. आईने पोराला दटावले, तर तो शपथेवर सांगे, मी नाही खाल्ले. खरेच बोलत होता. त्याने ते गोऱ्ह्याला चारले होते, उद्या मिरवणुकीत आपला गोऱ्हा पुढे राहावा म्हणून! दुसऱ्या दिवशी गोऱ्हा पुढे राहिला नाही. पोट फुगून गोठ्यातच बसला. सांगायचा मुद्दा, जनावराला गोडधोड जास्त घालू नये, हे पोरांनाही सांगून ठेवा.

सर्वांत मोठी गंमत भाषेची. डोरेमॉन, शिनचॅन, मोटू-पतलू हे सारे आपल्याकडे मुख्यतः हिंदीत बोलतात. पोरेही तसेच बोलू लागतात. 2012-13 च्या दुष्काळातली गोष्ट. गावात टँकर आला. आजीने नातीला विचारले, "बाई, हंडा बघ गं." नात आतून ओरडली, "आजी, हंडा खाली आहे!"

आजी म्हणाली, "मग खालीच ऱ्हाऊ दे. वर ठेवून काय करायचं?"

टँकर गेला. संध्याकाळी उघडकीस आले की हंडा 'खाली' म्हणजे रिकामा होता! त्या रात्री शेजारणीकडून दोन तांबे मागून स्वयंपाक झाला.

त्यानंतर आजीने नेम धरला. नातीसोबत रोज बसायचे आणि एकेका शब्दाला मराठी शब्द विचारायचा. हळूहळू आजीलाच त्या निळ्या मांजराची गोडी लागली. त्याच्या पोटावरच्या खिशातून नाना वस्तू निघताना बघून तिने एक दिवस नातीला हळूच विचारले,

"का गं, याच्या खिशातून टँकर निघंल का?"