परदेशस्थ अमेरिकन नागरिकांचे करदायित्व : स्वरूप व अडचणी

आयकराची आकारणी बहुतेक देशांत निवास व उत्पन्नाचा उगम या दोन निकषांवर होते. अमेरिकेने त्यांच्या जोडीला नागरिकत्व हा तिसरा निकष स्वीकारला आहे. या धोरणाचे मूळ यादवी युद्धकाळातील १८६१ च्या करकायद्यात सापडते. पुढे ‘कुक विरुद्ध टेट’ (१९२४) या खटल्यात, मेक्सिकोत राहणाऱ्या नागरिकाच्या तेथील मालमत्तेच्या उत्पन्नावरही अमेरिका कर आकारू शकते, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने दिला.

यामुळे प्रत्येकाला दुहेरी कर भरावा लागतो, हा समज मात्र बरोबर नाही. परदेशात श्रमाने मिळवलेले उत्पन्न २०२५ या करवर्षासाठी १,३०,००० डॉलरपर्यंत, काही अटींवर, वगळता येते; परदेशात भरलेल्या आयकराचीही वजावट मिळते. तथापि या सवलती विवरणपत्र भरूनच मागाव्या लागतात आणि व्याज, लाभांश पहिल्या सवलतीत बसत नाहीत.

खरा भार कराचा नसून माहिती देण्याचा आहे. परदेशी खात्यांतील एकत्रित शिल्लक वर्षात केव्हाही १०,००० डॉलरच्या वर गेल्यास, देय कर शून्य असला तरी, स्वतंत्र अहवाल द्यावा लागतो. ही मर्यादा महागाईशी जोडलेली नाही, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. ‘बिटनर’ खटल्यात पाच वर्षांच्या अहवालांतील २७२ खात्यांमागे सरकारने २७.२ लाख डॉलर दंड मागितला होता. हेतुपुरस्सर नसलेल्या चुकीचा दंड खात्यागणिक नव्हे, तर अहवालागणिक आकारावा, असे २०२३ मध्ये ठरल्याने तो ५०,००० डॉलरवर आला.

‘फॅटका’ हा २०१० चा कायदा व त्यासंबंधीचा २०१५ चा भारत-अमेरिका करार यांमुळे भारतीय बँकांनाही अशा खात्यांची माहिती कळवावी लागते. महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांशी हा प्रश्न येथे जोडला जातो. आईवडील नोकरीनिमित्त अमेरिकेत असताना जन्मलेला मुलगा जन्मानेच तेथील नागरिक ठरतो. तो बालपणीच पुण्यास परतला आणि येथेच नोकरीस लागला, तरी हे दायित्व सुटत नाही. आजोबांनी ज्या मुदत ठेवीत त्याचे नाव संयुक्त धारक म्हणून घातले, तीही त्याच्या अहवालात येते. भारतीय म्युच्युअल फंडांना तर अमेरिकी कायदा सामान्यतः परकीय निष्क्रिय गुंतवणूक कंपन्या मानतो. त्यांवरील आकारणी विशेष जाचक आहे. नागरिकत्वाचा त्याग करावयाचा झाल्यास मागील पाच वर्षांच्या करपालनाचे प्रतिज्ञापन द्यावे लागते. ते न दिल्यास निर्गमन कराच्या तरतुदी लागू होऊ शकतात.