उसाची पाळी

थंडी पडू लागली की उजनी जलाशयाच्या काठी वसलेल्या भिगवणच्या रस्त्यांवर उसाच्या गाड्यांची रीघ लागते. भवानीनगरच्या श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्यासारख्या आसपासच्या कारखान्यांकडे हा ऊस जातो. शेत शेतकऱ्याचे, गाडी वाहतूकदाराची आणि कोयता बहुधा बीडकडून आलेल्या मजुराचा. तरीही या सर्वांची गाठ कारखान्यालाच घालून द्यावी लागते.

तोडलेला ऊस पडून राहिला की वाळतो. त्याचे वजन घटते, ते शेतकऱ्याचे नुकसान. साखरेचा उताराही उतरतो, ते कारखान्याचे. म्हणून लागणीच्या तारखेप्रमाणे तोडीची पाळी लावतात. ही नोंद पूर्वी वह्यांत होत असे आणि तिच्यासाठी शेतकऱ्याला हेलपाटे घालावे लागत. २०२२ साली राज्याच्या साखर आयुक्तालयाने ‘महा-ऊस नोंदणी’ हे मोबाईल ॲप काढले. त्यामुळे नोंद घरबसल्या करता येऊ लागली. कित्येक कारखान्यांत वजनकाटाही संगणकाला जोडलेला असून, गाडीचे वजन शेतकऱ्याला मोबाईलवर कळते. ही सोय लहानसहान नव्हे. ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत त्याचे पैसे द्यावेत, असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा दंडक आहे. ते पैसे याच वजनावर ठरतात.

रानात चिखल किती आहे, हे मात्र त्या नोंदीत नसते. अवकाळी पाऊस झाला की गाड्या रुतून बसतात, तोडणीची टोळी थांबते आणि संगणकाने लावलेली पाळी कोलमडते. अशा वेळी कारखान्याचा माणूस आणि टोळीचा मुकादम बांधावर उभे राहून नवी पाळी ठरवतात.