घरचे दप्तर आणि गावचा इतिहास

ज्या काळाविषयी बोलावयाचे त्या काळातच निर्माण झालेला पुरावा, मग ते पत्र असो, निवाडा असो की शिलालेख, तो इतिहासाचे मूळ साधन होय. मागाहून लिहिलेला ग्रंथ हे दुय्यम साधन. हा भेद न पाळल्यास केवढा घोटाळा होतो, हे अवसरीकरांना शेजारच्या शिवनेरीवरूनच कळेल.

शिवछत्रपती शिवनेरीवर जन्मले. वाद होता तो सालाचा. उत्तरकालीन बखरींच्या आधारे इ. स. १६२७ हे साल पुष्कळ वर्षे रूढ होते. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली. तीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी नोंद निघाली. पुढे महाराजांच्याच काळातील कवींद्र परमानंदाच्या शिवभारतातही तीच तिथी आढळली, आणि पक्षाला बळ आले.

आता गणित पाहा. शकात ७८ मिळविले की इसवी सन येतो. परंतु फाल्गुन जानेवारीनंतर येतो, म्हणून येथे ७९ मिळवावे लागतात. १६२९ नव्हे, १६३०! जुन्या इंग्रजी गणनेने तो दिवस १९ फेब्रुवारी, आणि वारही शुक्रवारच येतो. तिथी, वार आणि साल जुळले की कागदावरचा विश्वास वाढतो.

ही शकावली कोणा दरबारची नव्हे. भोरकडील कारीच्या जेधे देशमुखांच्या घरची. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून आहे, पुराभिलेखागारात पेशवे दप्तर आहे; तेथे अवश्य जावे. पण पहिला शोध आपल्या माळ्यावर घ्यावा. १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतने गेली, तशी वतनाच्या कागदांची व्यवहारातील किंमत संपली आणि कित्येक रुमाल वाळवीच्या स्वाधीन झाले.

तेव्हा मोडी येत नाही म्हणून कागद टाकू नका. रुमालातील क्रम मोडू नका, चिकटपट्टी लावू नका. छायाचित्रे घेऊन जाणत्याला दाखवा. मग विचारा: हा कोणी लिहिला, केव्हा, आणि कोणाच्या लाभासाठी? कारण वतनाच्या भांडणात बनावट कागदही होत. जुना कागद खराच असतो असे नाही; पण जळालेला कागद साक्षच देत नाही.